आठळीतलं प्रथिन आणि शेळीची पुटिका

ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा नावाचं राज्य आहे. काटेरी झुडपांचा, उन्हात करपणारा मुलूख. १८७७च्या ज्या एल निनोने आपल्या दख्खनवर दुष्काळ आणला, त्यानेच सेआराही उजाड केलं. अशा रानात गाय हार मानते, शेळी तगते. तिथल्या फोर्तालेझा शहरात, सेआरा राज्य विद्यापीठात, एक अख्खी प्रयोगशाळा अंडाशयातल्या कोवळ्या पुटिकांना वाहिलेली आहे. जोझे रिकार्दो दे फिगेरेदो यांच्या नावाशी ती जोडलेली. तिने सर्वांत जास्त काम केलं ते शेळीवर.

पुटिका म्हणजे एक अंडपेशी आणि तिला पोसणाऱ्या पेशींचं वेष्टन. मादी करडू जन्मतं ते अशा हजारो पुटिका घेऊनच. त्यांतल्या हजारातल्या नऊशे नव्याण्णव वाढता वाढता मरून जातात. अंडं बाहेर पडण्यापर्यंत मोजक्याच पोचतात. या मरणाऱ्या पुटिका वेळीच बाहेर काढून वाढवता आल्या, तर मोशोतो किंवा कानिंदेसारख्या तिथल्या देशी शेळ्यांचा वंश एका मेलेल्या शेळीच्या अंडाशयातूनही पुढे नेता येईल. मला या कामाचं मोठेपण इथे दिसतं.

अंडाशय येतात कत्तलखान्यातून. ७० टक्के अल्कोहोलने धुऊन, प्रतिजैविकं घातलेल्या द्रवात, ४ अंशांवर. मग सूक्ष्मदर्शकाखाली, इंजेक्शनच्या बारीक सुयांनी, एकेक पुटिका आसपासच्या ऊतीतून सोडवायची. मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी ती. सुई जरा जोरात लागली की वेष्टन फाटतं आणि सगळं संपतं. सोडवलेली पुटिका तेलाखालच्या १०० मायक्रोलिटरच्या थेंबात ठेवतात, ३९ अंशांवर; शेळीच्या अंगाची ऊब तेवढीच असते. दर दोन दिवसांनी जुना द्रव थोडा काढून ताजा घालायचा. असे अठरा दिवस.

त्या थेंबात काय घालायचं, हा खरा प्रश्न. मीठ, साखर, अमिनो आम्लं, इन्सुलिन, पुटिका वाढवणारं एफएसएच हे संप्रेरक, आणि बहुधा गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. रक्तातून काढलेला माल दर खेपेला सारखा नसतो, रोगाची धास्तीही असते. म्हणून सेआराच्या संशोधकांची नजर झाडांकडे वळली. नारळाचं पाणी त्यांनी आधीच वापरून पाहिलं होतं. मग आली लेक्टिनं.

लेक्टिन म्हणजे साखरेच्या साखळ्या ओळखून त्यांना चिकटणारं प्रथिन. रक्ताच्या थेंबात टाकलं की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. ते ओळखण्याची जुनी खूण हीच. आपल्या फणसाच्या आठळीत जॅकलिन असतं, आणि फणसाचा भाऊबंद असलेल्या विलायती फणसाच्या बीत फ्रुटॅलिन. कोकण-गोव्यात ज्याच्या कापा तळतात, तोच हा नीरफणस. बियांचं पीठ मिठाच्या पाण्यात घोळवतात आणि तो अर्क रतनगुंजेच्या बियांतल्या शर्करेपासून केलेल्या जेलमधून गाळतात. फ्रुटॅलिन गॅलक्टोजला धरून बसतं, बाकीचं वाहून जातं. हे वाचताना रतनगुंजेचे लाल मणी गोळा करत घालवलेल्या दुपारी मला आठवल्या.

पुटिकेच्या पेशींवर, अंडपेशीच्या आवरणावर, खुद्द एफएसएचवरही अशाच शर्करासाखळ्या असतात. म्हणजे लेक्टिनला धरायला जागाच जागा. धरल्यावर पेशीला वाढीचा इशारा मिळेल की मरणाचा, हे मात्रेवर ठरतं. राजमा नीट शिजला नाही तर पोट का बिघडतं? त्यातल्या लेक्टिनमुळेच. फ्रुटॅलिनकडे तर कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठीही पाहिलं जातं. म्हणून शेळीच्या अंडाशयावर त्याची परीक्षा दुहेरी मोलाची: ते पोसतं का, आणि औषध म्हणून दिलं तर अंडाशयाला इजा करतं का.

वाट लांबची आहे. उंदरात अगदी प्राथमिक पुटिकेपासून जिवंत पिल्लू १९९६ सालीच झालं. शेळीची पुटिका पिकायला महिने लागतात; सेआराच्या थेंबांतून आतापर्यंत भ्रूण मिळाले, तेही थोडे.

अठराव्या दिवशी पुटिकेला दोन रंग देतात. जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या लाल. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वाकलेलं माणूस हिरव्या वर्तुळात एखादा लाल ठिपका आहे का ते शोधत असतं.