सोन्याची वेदी, वसईचा दगड

सौंदडच्या स्थानकावरून दक्षिणेला निघालेली गाडी अर्जुनी मोरगाव मागे टाकून वडशाला पोचते. वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेरघर. धान घरात आलं, शंकरपट भरू लागले, की या पट्ट्यात गावोगावी मांडव पडतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसाचेही डोळे पाणावले पाहिजेत, म्हणून रंग गडद, प्रकाश लख्ख, आवाज खणखणीत आणि हातवारे मोठे. असं नाटक पाहत वाढलेल्या माणसाला युरोपातल्या बरोक शैलीच्या चर्चची गुरुकिल्ली आधीच मिळालेली असते. तीही लांब उभ्या असलेल्या साध्या माणसाचं मन हलावं म्हणूनच बांधलेली आहेत.

आणि बरोक पाहायला रोमच गाठावं लागतं असं नाही. झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो त्याच दिवसांत सौंदड, साकोली, अर्जुनीकडची कितीतरी कुटुंबं नागपूरमार्गे गोव्याला जातात. पणजीपासून जेमतेम 10 किलोमीटरवर असलेलं जुनं गोवं त्यांच्या यादीत असतंच. पण बहुतेक सहलींत त्याच्या वाट्याला येतो अर्धा तास. रांगेत सरकायचं, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीकडे मान वर करून पाहायचं, अंगणात फोटो काढायचा की मंगेशीची बस. दगड, लाकूड आणि सोनं यांनी रचलेला एवढा मोठा प्रसंग समोर असताना तो न पाहताच माणसं परततात, ही खरोखर वाईट गोष्ट आहे.

हा प्रसंग रचला गेला तो एका भांडणातून. 1517 मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने रोमच्या धर्मपीठाला आव्हान दिलं आणि अर्धा युरोप कॅथलिक पंथापासून दूर गेला. नव्या प्रॉटेस्टंट मंडळींपैकी अनेकांना मूर्ती, चित्रं, सजावट यांचं वावडं होतं. रोमने उलटी वाट धरली. 1545 ते 1563 अशी लांबलेली ट्रेंटची धर्मपरिषद संपली तेव्हा ठरलं होतं की चित्रं आणि मूर्ती राहतील, आणि ज्याला अक्षरओळख नाही अशा माणसालाही त्या श्रद्धेकडे नेतील. 1540 मध्ये मान्यता मिळालेला जेझुइट संघ या कामात पुढे होता. त्यांनी 1568 मध्ये रोममध्ये आपलं मुख्य चर्च, इल जेसू, बांधायला घेतलं. मध्ये खांबांच्या रांगा नाहीत, एकच प्रशस्त दालन, नजर थेट वेदीवर आणि प्रवचन शेवटपर्यंत ऐकू येईल अशी रचना. पुढची शंभर-दीडशे वर्षं कॅथलिक जगात असंख्य चर्चं याच नमुन्यावर उभी राहिली.

बरोकचं बाकीचं वैभव नंतर चढत गेलं. शिल्पकार बर्निनीने रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाखाली पिळदार खांबांचं प्रचंड ब्राँझचं छत्र उभारलं. चित्रकार आंद्रेआ पोत्सोने तर कमालच केली. रोमच्या संत इग्नेशियस चर्चला घुमट बांधलाच गेला नव्हता, तेव्हा त्याने 1685 मध्ये सपाट कापडावर घुमटाचं चित्र रंगवलं. फरशीवर ठरावीक जागी उभं राहून वर पाहिलं की ते खरंच पोकळ आणि उंच भासतं, चार पावलं बाजूला सरकलं की कोलमडतं. पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे इमारतच ठरवते, हे बरोकचं मर्म. नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलसारखं गॉथिक वळणाचं चर्च टोकदार कमानींनी नजर सरळ वर नेतं. बरोक चर्च नजरेला आधी समोर खेचतं, मग गोल फिरवतं आणि शेवटी वर सोडतं.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा पाया 24 नोव्हेंबर 1594 रोजी घातला गेला आणि 15 मे 1605 रोजी तिचं पवित्रीकरण झालं. कोचीनचा कप्तान दों जेरोनिमो मास्कारेन्हास 1593 मध्ये वारला, त्याने मागे ठेवलेल्या पैशातून हे काम झालं. आत उत्तरेच्या भिंतीवर त्याचं स्मारक आहे. बाहेरून इमारत अजून जुन्या, संयमी रेनेसाँस वळणाची आहे: खाली तीन दारं, वर चौकोनी खिडक्या, त्यावर गोल खिडक्या आणि अगदी माथ्यावर जेझुइटांचं बोधचिन्ह. या दर्शनी भागाजवळ जाऊन दगड नीट पाहावा. भिंती स्थानिक लालसर जांभ्याच्या आहेत, पण खांब आणि नक्षी काळ्या बेसाल्टची आहे, आणि तो बेसाल्ट वसईहून आणलेला. जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून सह्याद्रीचा तोच कातळ मागवला गेला ज्याच्यात वेरूळची लेणी कोरली आहेत.

भिंती आज उघड्या दिसतात, पण त्या मुळात तशा नव्हत्या. गोव्यातल्या इतर चर्चप्रमाणे हीसुद्धा गिलावा केलेली, पांढरी होती. 1950 च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या डागडुजीत तो गिलावा उतरवला गेला, आणि लालसर बासिलिका हेच तिचं रूप म्हणून छायाचित्रांतून सगळ्यांच्या डोळ्यांत बसलं. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणपट्टीचा पाऊस तो पिऊन घेतो आणि वर्षागणिक झिजतो. गिलावा पुन्हा चढवावा, ही मागणी संवर्धनाचे जाणकार आणि खुद्द चर्चचे धर्मगुरू यांनी केली आहे. ती रास्त आहे. पर्यटकांना ओळखीचा झालेला रंग जपण्यापेक्षा चारशे वर्षांची भिंत वाचवणं केव्हाही मोलाचं.

आत पाऊल टाकलं की खरा बरोक सुरू होतो. दालन जवळजवळ 56 मीटर लांब आणि साधारण 17 मीटर रुंद, बाजूच्या भिंती मुद्दाम साध्या. त्या साधेपणामुळेच टोकाची वेदी अंगावर येते: खालपासून छतापर्यंत सोन्याच्या मुलाम्याने मढवलेलं लाकूड. मधोमध जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची तीन मीटरच्या आसपास उंचीची मूर्ती. त्यांची नजर वर, येशूच्या नावाची अक्षरं कोरलेल्या तेजोगोलाकडे. त्याच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आणि ज्याच्या नावाने हे चर्च आहे तो बाळ येशू मात्र इग्नेशियसच्या पायाखाली, लहानसा, पटकन लक्षातही न येणारा. त्याला आधी शोधावा, मग नजर हळूहळू वर न्यावी. वेदी रचणाऱ्यांनी तोच क्रम योजलेला आहे.

उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. गोव्यात त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. आजच्या स्पेनमधल्या नावारा प्रांतात 1506 मध्ये जन्मलेले झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांगच्वान बेटावर वारले. त्यांचं शरीर 1554 मध्ये गोव्यात आणलं गेलं. उजवा हात 1614 मध्ये रोमला नेला, तो आजही इल जेसूमध्येच आहे. म्हणजे रोमचं ते मूळ चर्च आणि गोव्याचं हे चर्च यांच्यात एका माणसाचा देह वाटला गेला आहे.

समाधी तीन थरांची आहे, आणि तिच्या थरांत दोन मुलखांची गोष्ट आहे. खालचा संगमरवरी आणि रंगीत दगडांचा चौथरा इटलीतून आला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याला संतांच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली, तिची परतफेड म्हणून त्याने फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोजिनी याच्याकडून हा चौथरा करून घेतला. त्याला दहा वर्षं लागली आणि 1698 मध्ये तो इथे उभा राहिला. त्याच्यावर बसवलेली ब्राँझची चित्रफलकं झेवियर यांच्या आयुष्यातले प्रसंग दाखवतात. पण वरची चांदीची पेटी त्याहून जुनी, 1636-37 ची, आणि ती घडवली गोव्यातल्या कारागिरांनी. मेदिचीच्या देणगीपेक्षाही या पेटीवर डोळे जास्त वेळ ठेवावेत. फ्लॉरेन्सच्या दरबारी कलेच्या वर गोव्याचं काम बसलं आहे आणि ते कुठेही उणं वाटत नाही.

थोडं पुढे सेंट कॅजेतान चर्च. गर्दी तिकडे फारशी वळत नाही. थिएटाइन पंथाचे इटालियन धर्मगुरू गोवळकोंड्याला जायला निघाले होते. तिथे थारा मिळाला नाही म्हणून गोव्यात स्थिरावले. 1661 मध्ये पूर्ण झालेलं त्यांचं हे चर्च रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर आहे: कोरिंथियन खांब, वर खराखुरा गोल घुमट आणि घुमटाखाली झाकलेली एक विहीर. आवारात आदिलशाही वाड्याच्या दरवाजाची काळ्या दगडाची चौकट उभी आहे. पोर्तुगीजांच्या आधीचं गोवं तिथे एवढंच उरलं आहे.

कारण या सोन्यामागे मोडतोडही आहे, आणि ती सांगितल्यावाचून ही सहल पुरी होत नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बार्देशमधली देवळं पाडली गेली. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं, न्यायासन बसलं आणि ते 1812 पर्यंत टिकलं. तशी मागणी करणारं पत्र झेवियर यांनीच 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी रातोरात नदीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या अंत्रुज महालात हलवली. पुढे तिथे मोठी देवळं उभी राहिली. कवळ्याच्या शांतादुर्गेचं मंदिर छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने 1738 मध्ये पूर्ण झालं. या देवळांचे अष्टकोनी कंठावर बसलेले घुमट, अर्धगोल कमानींच्या खिडक्या, खांबांची मांडणी, मजल्यामजल्याने चढत जाणारे दीपस्तंभ नीट पाहावेत. बरोकची भाषा त्यांच्यात स्पष्ट ऐकू येते. ज्या सत्तेने देव परागंदा केले, तिच्याच शैलीतलं जे सुंदर वाटलं ते गोव्याच्या गवंड्यांनी निःशंकपणे आपल्या देवासाठी वापरलं. मंगेशाच्या देवळात, मंगेशीला जाणारा झाडीपट्टीतला भाविक म्हणूनच तिथेही बरोक पाहत असतो.

जुन्या गोव्याची ही चर्चं 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. दर दहा वर्षांनी भरणारा झेवियर यांचा शवप्रदर्शन सोहळा नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झाला. त्या वेळी, आणि 3 डिसेंबरच्या त्यांच्या फेस्तालाही, गर्दीत वेदी नीट दिसणं कठीण असतं. शांतपणे पाहायचं असेल तर साध्या दिवशी सकाळी लवकर जावं. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत, मिस्सा चालू असेल तर मागे थांबावं, आणि बॉम जेझूला निदान एक तास द्यावा.

ज्यांना गोवा जमणार नाही त्यांनी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जावं. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ, भीमाशंकर आणि मेणवली इथे त्या अजून टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आजही स्पष्ट दिसते.