विद्यापीठ चालवायचं कुणी?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून १९०० साली एडवर्ड रॉस या प्राध्यापकांना जावं लागलं. त्यांची जाहीर भाषणं संस्थापकांच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना खटकली होती. आशियाई मजुरांविषयी रॉस जे बोलले ते निषेधार्हच होतं. पण मालकाची मर्जी गेली की नोकरी गेली, हा पायंडाही घातक होता. त्याविरोधात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आर्थर लव्हजॉय यांनी राजीनामा दिला. पुढे १९१५ मध्ये ते आणि जॉन ड्यूई यांच्या पुढाकाराने अमेरिकी प्राध्यापकांची देशव्यापी संघटना उभी राहिली.

काय शिकवायचं, कशावर संशोधन करायचं, कुणाला नेमायचं आणि कायम करायचं, यात शिक्षकांचा शब्द मुख्य असावा, ही तिची भूमिका. पैशांचा कारभार विश्वस्तांकडे राहील, पण निर्णय परस्पर होऊ नयेत.

याच सहभागाने पुढे प्राध्यापकांची कोंडी केली. न्यूयॉर्कच्या येशिव्हा या खासगी विद्यापीठातल्या प्राध्यापकांना युनियनमार्फत वाटाघाटी करायच्या होत्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना नकार दिला. अभ्यासक्रम, वेळापत्रक, गुणांकनाच्या पद्धती तुम्हीच ठरवता, तेव्हा तुम्ही व्यवस्थापनाचाच भाग आहात, असा तो युक्तिवाद. मला तो पटत नाही: अभ्यासक्रम ठरवणाऱ्याच्या हाती स्वतःचा पगार नसतो. सरकारी विद्यापीठांना मात्र हा निकाल लागू नाही. तिथे युनियनचा हक्क त्या-त्या राज्याच्या कायद्यावर ठरतो.