नदीकाठची रात्र आणि घरातील ज्येष्ठ

पावसाळा ओसरला, की मावळात सहलींचे दिवस सुरू होतात. पवना धरणाच्या जलाशयाकाठी, लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या परिसरात तंबूंच्या रांगा उभ्या राहतात. पुण्यामुंबईची कुटुंबे शनिवारी दुपारी येतात, रात्र पाण्याकाठी काढतात आणि रविवारी परततात. या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, आईला बरोबर न्यावे का?" विचारणारा मुलगा असतो किंवा सून असते. आई मात्र शेजारच्या खुर्चीवर गप्प असते.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर केवळ वयावरून देता येत नाही. ऐंशीच्या घरातील एखादे आजोबा तंबूत सुखाने झोपतात, तर साठीतील एखाद्या गृहस्थांना ती रात्र महागात पडते. म्हणून वयाऐवजी वेगळा विचार करावा. आपले घर वृद्ध माणसासाठी अनेक कामे न बोलता करीत असते. रात्री उठल्यावर हाताला भिंत लागते, दिव्याचे बटण ठरलेल्या जागी असते, पलंगाची उंची गुडघ्यांना सोसते, स्वच्छतागृह दहा पावलांवर असते आणि जेवण ठरलेल्या वेळी मिळते. तंबूत यांपैकी काहीही नसते. घराची ही कामे त्या रात्रीपुरती कोण आणि कशी करणार, हे ठरले असेल तर ज्येष्ठांना अवश्य न्यावे. ते ठरले नसेल, तर निघण्याची घाई करू नये.

अंधारातील दहा पावले

अशा सहलीत पाण्याची भीती सर्वांना असते. ज्येष्ठांना मात्र रात्रीच्या लघवीला उठणे त्याहून अधिक धोक्याचे ठरू शकते. थंडीत लघवीचे प्रमाण वाढते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे झोपेतून एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात तंबूच्या ताणलेल्या दोऱ्या, दवाने ओले झालेले गवत आणि पाण्याकडे उतरत जाणारी जमीन. या वयात खुब्याचे हाड मोडले, तर पुढील आयुष्यच बदलून जाते.

उपाय साधे आहेत. तंबू सपाट जागी, स्वच्छतागृहाजवळ आणि पाण्यापासून दूर असलेला मागून घ्यावा. जमिनीवरील गादीऐवजी घडीची खाट न्यावी. उठताना आधी बसावे, मिनिटभर पाय हलवावेत आणि मगच उभे राहावे. विजेरी उशाशी असावी. घरातील एका धडधाकट व्यक्तीने त्याच तंबूत झोपावे आणि ज्येष्ठांनी तिला उठविण्यात संकोच मानू नये. लघवीचे भांडे किंवा घडीची कमोड खुर्ची बरोबर नेण्यात कमीपणा कसला? अनेक वृद्ध स्त्रिया रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारपासूनच पाणी पिणे सोडतात. त्यामुळे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि चक्कर यांना आमंत्रण मिळते. दिवसभर नेहमीइतके पाणी प्यावे; झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत ते थोडे कमी केले तरी पुरे.

उशिराचे जेवण आणि शेकोटी

तंबूच्या ठिकाणी जेवण बहुधा उशिरा होते. गाणी, गप्पा आणि निखाऱ्यांवरचे पदार्थ यांत रात्रीचे दहा सहज वाजतात. मधुमेहींनी घरच्या सवयीने आठ वाजता गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि ताट दहाला आले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नियम असा ठेवावा : ताट समोर आल्याखेरीज जेवणापूर्वीचे औषध घ्यायचे नाही. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे किंवा एकाएकी चिडचिड दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. मात्र रुग्ण शुद्धीवर असेल तरच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. वापरात असलेले इन्सुलिन सावलीतील थंड जागी ठेवावे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा बर्फाला चिकटून ठेवू नये. औषधे दोन दिवस पुरतील इतकी अधिक न्यावीत आणि त्यांची यादी खिशात ठेवावी.

दम्याचा किंवा फुप्फुसांचा विकार असणाऱ्यांनी शेकोटीच्या धुराच्या उलट बाजूस, जरा लांब बसावे. याहून महत्त्वाची एक सूचना घरातील प्रत्येकाने पाठ करावी : विझत आलेली कोळशाची शेगडी उबेसाठी तंबूत नेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. ऊब हवी असल्यास लोकरीची टोपी, पायमोजे आणि एक जास्तीचे पांघरूण पुरे.

जमिनीवरची झोप

मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावल्याच्या घटना आपल्याकडे घडत आलेल्या आहेत. त्याचा दंश फारसा दुखत नाही. कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे किंवा गिळता न येणे ही लक्षणे दिसली, तर 'रात्रीचे जेवण बाधले असेल' असे म्हणून थांबू नये. दंशाच्या जागी चिरू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. रुग्णाला चालू न देता, तो अवयव स्थिर ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. सर्पदंशावरची प्रतिविषाची लस हाच उपचार आहे. खाट, नीट बंद केलेला तंबू आणि सकाळी झटकून घातलेले बूट यांमुळे हा धोका पुष्कळ कमी होतो.

पाण्यापुढे घरचा शब्द

मावळातील पाण्याने अलीकडे दोन रविवारी आपल्याला कठोर धडा दिला आहे. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एकाच परिवारातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. प्रवाहाच्या मधोमध ती मंडळी एकमेकांना घट्ट धरून उभी होती आणि पाणी वाढत गेले. 15 जून 2025 रोजी इंद्रायणीवरील कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी लोक सुट्टीचा आनंद घ्यायला आले होते.

डोंगरात पाऊस कोसळतो तेव्हा आपल्या डोक्यावर ऊन असू शकते; खाली पाणी मात्र काही मिनिटांत चढते. पाणी गढूळ होणे, त्यातून काटक्या व पाचोळा वाहत येणे किंवा प्रवाहाचा आवाज बदलणे, ही निघून जाण्याची सूचना होय. जलाशयाचे पाणी शांत दिसते, पण तेही विश्वासाचे नसते. उन्हाळ्यात पवनेचे पाणी ओसरले, की वाघेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते. एरवी पाण्याखाली काय दडलेले असते, याची त्यावरून कल्पना यावी. काठापासून दोन पावलांवर गाळ असेल की खोल उतार, हे वरून समजत नाही.

येथे ज्येष्ठांना एक काम सांगावेसे वाटते. पाण्याच्या बाबतीत घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा शब्द अखेरचा असावा. आजींनी "बाहेर या" म्हटले, की वाद न घालता बाहेर यायचे, असे निघण्यापूर्वीच ठरवावे. मद्यपान केलेल्याने पाण्यात उतरायचे नाही आणि सूर्यास्तानंतर कोणीही उतरायचे नाही. कोणी बुडू लागले, तर मागोमाग उडी घेऊ नये; काठी, दोर, ओढणी किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबण्यात किंवा तिला उलटे धरण्यात वेळ दवडू नये. श्वास नसेल, तर आधी तोंडाने श्वास द्यावा आणि मग छातीवर दाब देणे सुरू करावे. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक सर्वांच्या ध्यानात असावेत. डोंगरांमुळे काही जागी भ्रमणध्वनीला संपर्क मिळत नाही. तो कोठे मिळतो आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे पोहोचल्याबरोबर पाहून ठेवावे.

निघण्यापूर्वीची एक रात्र

गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला असेल, बसल्याजागी धाप लागत असेल, साखर वारंवार उतरत असेल किंवा स्मृतिभ्रंशामुळे रात्री उठून चालण्याची सवय असेल, तर मुक्काम तंबूत करू नये. अशांनी दिवसभर पाण्याकाठी बसावे आणि रात्री लोणावळ्यात किंवा कामशेतला पक्क्या भिंतींच्या खोलीत झोपावे. त्याने सहलीचा आनंद उणावत नाही.

उरलेल्यांनी जाण्यापूर्वी घरीच एक रंगीत तालीम करावी. एक रात्र दिवाणखान्यात घडीची खाट मांडावी, दिवे मालवावेत आणि विजेरीच्या उजेडात उठून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन यावे. कोठे अडखळायला होते, काय हाताशी हवे होते, हे त्या एका रात्रीत कळून येईल. सकाळी आईला विचारा, "झोप लागली का? काय अवघड गेले?" या वेळी उत्तर आईनेच द्यावे आणि बाकीच्यांनी ते लिहून घ्यावे. सामानाची यादी त्यावरूनच करावी.