पहिल्या पावसाचा वास कोण तयार करतं?

जूनमधली पहिली सर मरोळवर कोसळली की मेट्रोच्या जिन्यापाशी, एमआयडीसीच्या फाटकावर, गावठाणातल्या गल्लीत सगळे एकच गोष्ट करतात. मोठ्ठा श्वास घेतात! मरोळ-मरोशी रस्त्याने आरेकडे गेलात तर तो वास आणखी दाट होतो. दोस्तांनो, हा वास पावसाचा नाही आणि नुसत्या मातीचाही नाही. तो तयार करतात मातीतले जिवाणू.

त्यातल्या मुख्य मंडळींचं नाव स्ट्रेप्टोमायसिस. बुरशीसारखे बारीक धागे सोडत ते मातीत पसरतात आणि जिओस्मिन नावाचं रसायन बनवतात. पावसाचे थेंब तापलेल्या जमिनीवर आपटले की ते हवेत उडतं. आपलं नाक या वासाला इतकं तिखट आहे की लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी पुरतात.

या जिवाणूंच्या मागे आयुष्यभर लागलेले एक प्राध्यापक होते, सेलमन वॅक्समन. युक्रेनमधून ते 1910 साली अमेरिकेला गेले आणि पुढे रटगर्स विद्यापीठात मातीतल्या सूक्ष्मजीवांचा विषय शिकवू लागले. मातीतला कोणता जीव दुसऱ्या जिवाणूंची वाढ रोखतो, हे शोधायचं काम ते विद्यार्थ्यांना देत. 1943 साली त्यांचा 23 वर्षांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ तळघरातल्या प्रयोगशाळेत हेच करत होता. शेतातल्या मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसने त्याला स्ट्रेप्टोमायसिन दिलं. क्षयरोगावर खरोखर लागू पडलेलं हे पहिलं प्रतिजैविक! 1952 चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. मला ते आजही खटकतं. रात्रंदिवस बशांवर जिवाणू वाढवणाऱ्या त्या मुलाचं नाव तिथे हवंच होतं.

वॅक्समन यांचे आणखी एक विद्यार्थी ह्यूबर्ट लशव्हालिए. त्यांनी नॅन्सी गर्बर यांच्यासोबत 1965 साली त्याच विद्यापीठात पहिल्या पावसाचं ते रसायन वेगळं काढलं आणि त्याला जिओस्मिन हे नाव दिलं.

आपल्या महाराष्ट्राची मातीही मागे नाही बरं का! पुण्याजवळच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. तिथल्या एम. जे. तिरुमलाचार यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्यापासून हॅमायसिन हे बुरशीच्या आजारांवरचं औषध तयार झालं. आणि त्या जिवाणूचं नाव? स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!

आता प्रश्न असा, की जिवाणूला वास हवा कशाला? 2020 साली काही शास्त्रज्ञांनी याचं उत्तर दिलं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे जीव असतात, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे. जिओस्मिनच्या वासाने ते धावत येतात आणि जिवाणूवर ताव मारतात. जाताना त्याचे बीजाणू अंगाला चिकटवून आणि विष्ठेतून दूरवर पोचवतात. एकाला जेवण, दुसऱ्याला फुकटची सवारी.

हे स्प्रिंगटेल तुम्हालाही बघता येतील. इटलीच्या अंतोनिओ बर्लेसे यांनी 1905 साली काढलेली युक्ती आजही कॉलेजात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी वापरतात. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा ठेवा. तोंडाशी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा. सोसायटीतल्या झाडाखालचा ओलसर पालापाचोळा मातीसकट त्यात भरा. खाली ओला टिश्यू पेपर घातलेली पांढरी वाटी ठेवा आणि वर, थोड्या अंतरावर, टेबल लँप लावा. दिवा लावायला मोठ्या माणसांना सोबत घ्या. वरून माती सुकू लागते, तसे अंधार आणि ओल शोधत जीव खाली सरकतात आणि जाळीतून वाटीत पडतात.

दुसऱ्या दिवशी भिंगातून वाटीत बघा. तांबूस, गोल, आठ पायांचे ठिपके म्हणजे माइट. राखाडी, लांबट आणि डोक्यावर दोन मिशा असलेला दिसला, तर त्याला काडीने हलकेच डिवचा. टुण्णकन उडाला? तोच स्प्रिंगटेल! त्याच्या पोटाखाली दुमडलेला एक काटा असतो. तो काटा जमिनीवर आपटून स्प्रिंगटेल अंगाच्या कितीतरी पट उंच उडी मारतो.

चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना अजून नावच मिळालेलं नाही. मरोळच्या मातीतलेही त्यात आलेच. तेव्हा वाटीत दिसलेल्या जिवांचं वहीत चित्र काढा, तारीख आणि झाडाचं नाव लिहा. मग सगळ्यांना त्याच झाडाखाली परत सोडा आणि हात साबणाने स्वच्छ धुवा.