जुन्या एसएलआरचे पुर्जे आणि काडतुसे

7.62 मिमी 1ए1 सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे सर्वांच्या ओळखीची एसएलआर, 1960च्या दशकापासून पुढची कित्येक वर्षे भारतीय जवानाचे मुख्य शस्त्र होती. बेंगळुरूच्या उत्तरेला येलहंका येथे केंद्रीय राखीव पोलीस दल आणि सीमा सुरक्षा दल यांची केंद्रे आहेत. या दोन्ही दलांच्या एका अख्ख्या पिढीने नेमबाजीचे धडे याच रायफलीवर गिरवले. पुढे इन्सास रायफल आली आणि एसएलआर मागे पडली, तरी पोलिसांच्या शस्त्रागारांतून ती लगेच हद्दपार झाली नाही. इतक्या जुन्या शस्त्राचा पुर्जा बदलताना किंवा त्यासाठी काडतूस निवडताना नावापेक्षा माप महत्त्वाचे ठरते.

एसएलआरचे मूळ बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या ‘एफएएल’ रायफलीत आहे. दिएदोने सैव्ह यांनी तिची रचना केली. ब्रिटिशांनी ती इंचाच्या मापात बसवून घेतली, तर इतर अनेक देशांनी मेट्रिक मापातली मूळ आवृत्ती स्वीकारली. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेल्या 1ए1चे आराखडे मात्र स्वतंत्र होते. तिच्या लाकडी दस्त्याला तर जुन्या ली-एनफिल्डची तळपट्टी आहे आणि तीत तेलाची बाटली व नळी साफ करायची दोरी (पुल-थ्रू) ठेवायचा कप्पा आहे. म्हणूनच दिसायला सारखे असलेले ब्रिटिश किंवा बेल्जियन पुर्जे तिच्यात बसतीलच असे नाही. मॅगझिनचे उदाहरण बोलके आहे. इंच मापाच्या मॅगझिनचा पुढचा कान मोठा असल्याने ते मेट्रिक रायफलीत शिरत नाही. मेट्रिक मॅगझिन इंच मापाच्या रायफलीत शिरते, पण सैल राहते आणि मग काडतूस अडकते.

सर्वाधिक काळजी लागते ती कुलूपबंदीच्या भागांची. गोळी सुटण्यापूर्वी नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या ब्रीच ब्लॉकची मागची बाजू खाली झुकते आणि बॉडीत घट्ट बसवलेल्या पोलादी आडव्या खुंटीला टेकते. या खुंटीला लॉकिंग शोल्डर म्हणतात. ब्लॉकचा दर्शनी भाग आणि चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीतला, उतार यांच्यातले अंतर म्हणजे हेडस्पेस. हे अंतर वाढले तर पितळी पुंगळी बुडाजवळ ताणली जाते, तिथे पातळ होते आणि फाटू शकते. वातावरणाच्या सुमारे चार हजार पट दाबाचा वायू अशा वेळी नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. अंतर फार कमी असेल तर ब्रीच नीट बंदच होत नाही. म्हणून लॉकिंग शोल्डर शतांश मिलिमीटरच्या फरकाने वेगवेगळ्या जाडीचे बनवतात. ब्लॉक किंवा नळी बदलली की गेज घालून अंतर पुन्हा मोजायचे आणि त्यानुसार योग्य जाडीचा शोल्डर निवडायचा. ‘गो’ गेजवर ब्रीच बंद व्हायला हवी, ‘नो-गो’वर होता कामा नये. दुसऱ्या रायफलीतून काढलेला ब्लॉक न मोजता बसवणे धोक्याचे आहे.

नळीतून घेतलेला थोडा वायू पिस्टनला मागे ढकलतो आणि त्या धक्क्यावर रायफल स्वतःला भरते. जास्तीचा वायू बाहेर सोडण्यासाठी गॅस रेग्युलेटर असतो. वायू कमी पडला तर पुंगळी बाहेर पडत नाही. जास्त झाला तर चालते भाग आपटून लवकर झिजतात. दस्त्यातली रिकॉइल स्प्रिंग थकली की हेच नुकसान होते. त्यामुळे नवी स्प्रिंग बसवल्यावर किंवा काडतुसांचा लॉट बदलल्यावर रेग्युलेटर पुन्हा लावावा लागतो. तो मोकळा ठेवून सुरुवात करतात आणि रायफल न अडखळता चालू लागेपर्यंत एकेक खाच आवळत जातात.

काडतुसाच्या बाबतीत नुसता ‘7.62’ हा आकडा फसवा आहे. एके-47च्या काडतुसाची पुंगळी 39 मिमी लांब असते, ड्रॅगुनॉव्हची 54 मिमी, तर एसएलआरची 51 मिमी. ही तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शिकारी रायफलींसाठीचे .308 विंचेस्टर एसएलआरच्या काडतुसाशी आकाराने जवळजवळ जुळते, पण लष्करी चेंबर थोडे सैल असते आणि लष्करी पुंगळी जाड पितळेची असते. पातळ पुंगळी सैल चेंबरमध्ये अधिक ताणली जाते. दोन्ही काडतुसांच्या दाबाचे आकडे, एसएलआरच्या काडतुसाचा चौरस इंचाला 50 हजार आणि .308चा 62 हजार पौंड, नेहमी शेजारी ठेवले जातात. त्यातला पहिला आकडा तांब्याचा तुकडा किती चेपला यावरून काढलेला आहे, तर दुसरा दाबविद्युत स्फटिकाने मोजलेला. मोजण्याच्या पद्धतीच वेगळ्या असल्याने या आकड्यांची थेट तुलना चुकीची ठरते.

एसएलआरच्या काडतुसांशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. पुण्याजवळचा खडकीचा कारखाना 1869चा, तर जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना 1962च्या युद्धानंतर उभा राहिला. पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ किंवा ‘ओएफव्ही’ ही अक्षरे आणि वर्ष यांवरून काडतूस कुठले आणि किती जुने ते कळते. धूरविरहित दारूतले नायट्रोसेल्युलोज काळाबरोबर हळूहळू विघटित होते, आणि उष्णतेत ही क्रिया वेगाने घडते. विघटनातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे शोषून घेण्यासाठी दारूत डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक मिसळतात. ते संपले की दारू भरवशाची राहत नाही. आंबूस वास, हिरवट डाग, तडा गेलेली मान किंवा आत दबलेली गोळी यांपैकी काहीही दिसले तरी ते काडतूस बाजूला काढावे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या येलहंक्याची सौम्य हवा साठवणीला वरणगावच्या कडक उन्हाळ्यापेक्षा बरी.

भारतात अर्धस्वयंचलित रायफल 1959च्या शस्त्र कायद्यानुसार प्रतिबंधित शस्त्रांमध्ये मोडते. त्यामुळे पुर्जे बदलण्याचे आणि काडतुसे निवडण्याचे काम दलांच्या प्रशिक्षित आर्मररचेच, म्हणजे शस्त्र-दुरुस्ती तंत्रज्ञाचेच, आहे. त्याच्यासाठी निकष स्पष्ट आहे: गेजने मोजल्याशिवाय पुर्जा बसवू नये आणि लॉट ठाऊक नसलेले काडतूस भरू नये. त्या रायफलीमागे उभ्या असलेल्या जवानाचे डोळे आणि हात यावरच अवलंबून आहेत.