खुडलेल्या फुलांचे वार्धक्य आणि ऑक्सिजनचे प्रमाण

प्रस्तावना :
फूल झाडावरून खुडले म्हणजे त्याचा पाणी व अन्नद्रव्यांचा पुरवठा तुटतो. परंतु त्यातील जीवनक्रिया थांबत नाहीत. पाकळ्यांतील पेशी साठविलेल्या शर्करेवर श्वसन करीतच राहतात. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे परिसरातून गुलाबाची फुले दूरच्या बाजारपेठांत जातात, तेव्हा त्यांचे मोल प्रवासानंतर उरणाऱ्या आयुष्यावर ठरते. हे आयुष्य ठरविणाऱ्या घटकांपैकी ऑक्सिजनच्या कार्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऑक्सिजनचे त्रिविध कार्य :
१) श्वसन : हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. हे प्रमाण पुरेसे घटविल्यास श्वसन मंदावते व शर्करेचा साठा अधिक काळ पुरतो.

२) इथिलीननिर्मिती : वार्धक्य घडवून आणणारे हे वायुरूप संप्रेरक मेथिओनिन या अमिनो आम्लापासून तयार होते. एसीसी हे संयुग त्यातील मधला दुवा असल्याचे ॲडम्स व यँग यांनी १९७९ मध्ये दाखविले. एसीसीपासून इथिलीन बनण्याच्या अखेरच्या टप्प्यास ऑक्सिजन अनिवार्य असतो. म्हणूनच कार्नेशनसारख्या इथिलीन-संवेदनशील फुलांचे कोमेजणे अल्प ऑक्सिजनमध्ये लांबते. ग्लॅडिओलसच्या पाकळ्यांचे वार्धक्य मात्र मुख्यत्वे इथिलीनवर अवलंबून नसल्याने तेथे या मार्गाने फारसा लाभ होत नाही.

३) ऑक्सिडीकरण : सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी क्रियाशील रूपे पेशीपटलातील मेदद्रव्यांवर आघात करतात. कॅटालेजसारखी विकरे त्यांना निष्प्रभ करतात. हे संरक्षण दुबळे पडले की पेशीपटले झिरपू लागतात.

मर्यादा :
तथापि ऑक्सिजन जितका कमी तितके फूल टिकाऊ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. प्रमाण अतिन्यून झाल्यास विनॉक्सी श्वसन सुरू होते. त्यात ग्लुकोजच्या एका रेणूपासून केवळ २ एटीपी मिळतात, एथेनॉल व ॲसिटाल्डिहाइड साचतात आणि पाकळ्यांना इजा पोहोचते. बंद प्लॅस्टिक वेष्टनात हा धोका विशेष असतो. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. वेष्टनातून आत झिरपणारा ऑक्सिजन मग अपुरा पडतो. शीतसाखळी मध्येच खंडित झाली, तर टिकवणुकीसाठी योजलेले वेष्टनच घातक ठरते.

निष्कर्ष :
ऑक्सिजन-नियंत्रण हा शीतकरणाचा पर्याय नसून त्याचे पूरक साधन आहे. फुलाची इथिलीन-संवेदनशीलता, वेष्टनाची पारगम्यता व प्रवासातील तापमान यांचा एकत्रित विचार केल्यासच उत्पादकाच्या श्रमाचे चीज होईल.