पार्सल कुठं उघडणार, त्यावर पॅकिंग ठरवा

दिवाळी जवळ आली की आपल्या पारगावसारख्या गावांतून घरगुती पार्सलं निघायला लागतात. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला चिवडा, मुंबईच्या लेकीला लोणच्याची बरणी, परदेशातल्या नातवंडांना लाडू. मग प्रश्न येतो, पर्यावरणाला चांगलं पॅकिंग कोणतं? माझा उलटा प्रश्न आहे : हे पार्सल उघडणार कुठं? कारण पॅकिंगचा कचरा तिथंच होणार.

आता थर्माकोल घ्या. त्यात साधारण ९८ टक्के हवाच असते. वजनाला काही नाही, जागा मात्र भरपूर. म्हणून भंगारवालाही तो सहसा घेत नाही. शेवटी तो कुठंतरी जळतो, नाहीतर ओढ्यात जातो. ‘कंपोस्टेबल’ पिशवी बरी वाटते. पण तिची चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापमान राखून घेतात. आपल्या उकिरड्यात तेवढी ऊब टिकून राहीलच असं नाही.

मग वापरायचं काय? आधी घरात आहे ते. जुना खोका, फाटकी साडी, वर्तमानपत्र. फक्त वर्तमानपत्र फराळाला लागू देऊ नका, शाईतली घातक द्रव्यं खाण्यात उतरतात. आधी बंद डबा, मग बाहेरून कागद.

दत्तात्रयनगरला भीमाशंकर साखर कारखाना, त्यामुळं आपल्याकडं पाचटाला तोटा नाही. कडकडीत वाळलेलं पाचट बरणीभोवती छान बसतं. ओलसर असेल तर बुरशी येते, तेव्हा हाताने चुरडून बघा. गावाकडं पार्सल उघडलं तर ते सरळ खतात जातं. शहरातल्या फ्लॅटमध्ये मात्र कागदच बरा, तो सुक्या कचऱ्यातून रद्दीत जातो. आणि परदेशी पाठवताना पाचट, पेंढा अजिबात नको. किडीच्या भीतीनं ऑस्ट्रेलियासारखे देश असलं भरण येऊ देत नाहीत; सगळं पार्सल अडकू शकतं.

आता खोक्याचं माप. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो, आत माल ३ किलोच असला तरी! ३० बाय २५ बाय २० चा घेतला तर बरोबर ३ किलो. पैसे वाचले, भरणही कमी लागलं. पण बरणीभोवती चारी बाजूंनी दोन इंच भरण हवंच. खोका हलवून बघा. आत आवाज आला तर अजून भरा.

कारण बरणी फुटली तर काच गेली, लोणचं गेलं, वाहतुकीचं डिझेलही गेलं. तेव्हा माल धड पोचवणारं आणि उघडणाऱ्याच्या दारात कचरा न होणारं, तेच चांगलं पॅकिंग. आणि डब्यावर एक चिठ्ठी लावा : ‘खोका टाकू नकोस, येताना घेऊन ये.’